खर्ज चाकांवर कसा चढला? पिकअपमधील सबवूफरचा इतिहास आणि कायद्याचा बहिरा कान

१/२६
पश्चिम महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर उभी राहते मिरवणुकीतली गाडी. पिकअपच्या किंवा टेम्पोच्या हौद्यावर रचलेली स्पीकरची भिंत, मागे धडधडणारा जनरेटर आणि ऐकणाऱ्याच्या छातीत घुमणारा खर्ज. गंमत अशी की, ज्या माणसाच्या आडनावावरून हा शब्द आला, त्याला कीर्ती मिळाली ती नको असलेला आवाज कमी करण्याच्या विद्येमुळे.

२/२६
रे डॉल्बी हा अमेरिकी अभियंता १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ मध्ये त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. ध्वनिफितीवर संगीतामागे सतत ऐकू येणारी सळसळ दाबून टाकणारी यंत्रणा हे तिचे पहिले मोठे यश. पुढे चित्रपटगृहांच्या पाट्यांवर हे नाव झळकले आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे तर दणदणाटाचेच नाव होऊन बसले.

३/२६
शब्दाचा हा उलटा प्रवास मौजेचा आहे. त्यामागचा वाद मात्र मौजेचा नाही. दरवर्षी उत्सवाच्या तोंडावर ‘डॉल्बी’वर बंदी जाहीर होते, दरवर्षी गाड्या निघतात, दरवर्षी गुन्हे नोंदले जातात. गाडीवर चढलेल्या खर्जाला मोठी वंशावळ आहे. ती नीट पाहिली की या वादातली मूळ चूक दिसते. भांडण ‘कोण वाजवतो’ यावर होते आणि ‘नेमके काय मोजायचे’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

४/२६
सुरुवात सबवूफरच्या कितीतरी आधी होते. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही नगारखान्यातील वाद्यांची मोजदाद आहे. मोगल दरबारात नगारा वाजवण्याचा मान उच्च मनसबदारांनाच मिळे. रायगडावर राजसभेच्या तोंडाशी नगारखाना उभा आहे. फौज चालू लागली की हत्ती, उंट आणि घोडे यांच्या पाठीवरून नगारे पुढे जात. ‘डंका वाजणे’ म्हणजे सत्ता गाजणे, हा अर्थ मराठीने आजवर जपला आहे.

५/२६
राजाला खर्जच का हवा होता? मोठ्या कातड्यातून निघणारा खालचा स्वर दूरवर जातो, भिंतीआड पोहोचतो आणि कानाइतकाच अंगालाही जाणवतो. मात्र तो निर्माण करायला मोठे वाद्य लागते, आणि मोठे वाद्य वाहून न्यायला मोठे जनावर. चालता खर्ज परवडणारा तोच, ज्याच्या दारी हत्ती झुलत. विसाव्या शतकात हत्तीची जागा मोटारीने घेतली आणि हा मान हळूहळू दरबाराबाहेर पडला.

६/२६
आवाज आधी मोठा झाला, खोल नंतर झाला. २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपल्या ‘मॅग्नाव्हॉक्स’ ध्वनिवर्धकाने प्रचंड जमावाला संगीत ऐकवले. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या मैदानात याच यंत्रातून सुमारे ५० हजार श्रोत्यांशी बोलले. नव्या यंत्राचा मोठा मान पुन्हा सत्तेलाच मिळाला. पण त्या कर्ण्यांतून शब्द निघत. खर्ज जवळपास निघतच नसे.

७/२६
१९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ज्या रचनेचा शोधनिबंध मांडला, तीच आजही बहुतेक स्पीकरच्या पोटात असते. चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. नावातच ‘मोटर’ होती. आवाज चाकांवर बसला. पण अजून तो प्रवाशापुरताच होता.

८/२६
आवाज रस्त्यासाठी मोटारीवर चढला त्याची सर्वांत रंगतदार कथा ब्राझीलमधील साल्वादोर शहराची. तेथे रेडिओचे तंत्र जाणणारा दोदो आणि लोखंडकामाचा कारागीर ओस्मार हे दोघे मित्र होते. दोघेही हौशी वादक. पोकळ वाद्याला विजेची जोड दिली की कर्णा शिट्टी मारू लागतो, म्हणून त्यांनी भरीव लाकडाचे विजेवर चालणारे वाद्य घडवले. १९५० च्या कार्निव्हालमध्ये १९२९ च्या जुन्या फोर्ड गाडीवर कर्णे बसवून ते वाजवत रस्त्यावर उतरले.

९/२६
पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, तेमिस्तोक्लेस अरागाओ हा तिसरा वादक सामील झाला आणि जुन्या फोर्डच्या जागी आली ‘फार्गो’ पिकअप. तिच्यावर नाव लिहिले होते ‘त्रिओ एलेत्रिको’, म्हणजे विजेवरचे त्रिकूट. आज साल्वादोरच्या कार्निव्हालात याच नावाचे अवाढव्य ट्रक चालतात. तोपर्यंत तेथील उच्चभ्रूंची मिरवणूक सजवलेल्या मोटारींतून निघे आणि बाकीचे कडेला उभे राहून पाहत. पिकअपवरच्या त्रिकुटामागे मात्र जो येईल तो नाचू लागला.

१०/२६
त्याच दशकात जमैकातील किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ‘साउंड सिस्टिम’ उभ्या राहत होत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम करून परतलेला हेडली जोन्स वस्तीतल्या व्यावसायिकांसाठी अॅम्प्लिफायर बांधू लागला. ज्यांना मोठ्या हॉटेलांतल्या वाद्यवृंदाचे तिकीट परवडत नसे, त्यांच्या अंगणात ट्रकमधून स्पीकर येत. संगीत खाली, खर्जाकडे झुकले ते याच अंगणांत. ज्यांच्याकडे सभागृह नव्हते, त्यांनी आवाजाच्याच भिंती उभारल्या.

११/२६
महाराष्ट्रात या कथेची चुलत बहीण आहे ‘बेंजो पार्टी’. मुंबईत आणि कोकणपट्टीत बुलबुलतरंगाला विजेची जोड देऊन, कर्णे आणि ताल घेऊन हातगाडीवर किंवा टेम्पोवर निघणारा हा ताफा हळदीला, लग्नाला आणि विसर्जनाला वाजत आला आहे. छोटे तंतुवाद्य, त्याला वीज, खाली चाके आणि मागे गल्ली. साल्वादोरचा आणि गिरगावचा परस्परांशी संबंध नव्हता, तरी गरजा सारख्या असल्यामुळे उत्तरही सारखेच निघाले.

१२/२६
तरीही या गाड्यांवरून खरा खर्ज निघत नव्हता, कारण निसर्गाचा हिशेब आडवा येतो. १००० हर्ट्झच्या स्वराची लहर साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते; ४० हर्ट्झची साडेआठ मीटर. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली न्यायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. शिवाय पडदा पुढे सरकला की मागची हवा विरळ होते. खालच्या स्वरात ही पुढची-मागची हवा एकमेकींना भेटून आवाज गिळून टाकते.

१३/२६
त्यावर उपाय म्हणजे खोके. मिरवणुकीतल्या कारागिराच्या भाषेत ‘बॉक्स’. १९३० मध्ये बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरसने खोक्याला मोजून तोंड ठेवण्याच्या युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. अशा खोक्यात मागची हवा त्या तोंडातून पुढच्या हवेला साथ देत बाहेर येते. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चरने उलट वाट धरली. त्याने खोके पूर्ण बंद करून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि लहानशा पेटीतून खोल स्वर काढून दाखवला. आजही प्रत्येक सबवूफर बसवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो: बंद खोके की तोंडाचे?

१४/२६
पण खोके किती लिटरचे? तोंड किती लांब? बरीच वर्षे हे काम अंदाजाने चाले. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने आणि १९७० च्या दशकात सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉलने या अंदाजाचे गणित केले. पडद्याचे वजन, त्याचा ताठरपणा, चुंबकाची पकड अशा मोजक्या आकड्यांवरून खोक्याचे माप आधीच काढता येऊ लागले. सबवूफरच्या माहितीपत्रकावर छापलेले ‘थील-स्मॉल’ आकडे ते हेच. महागड्या प्रयोगशाळेची विद्या सुताराच्या पट्टीवर उतरली ती येथे.

१५/२६
खर्ज अंगावर घेण्याची चटक लोकांना लावण्यात सिनेमाचाही वाटा मोठा. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने ‘सेन्सराउंड’ नावाची योजना काढली. सर्विन-वेगा कंपनीचे प्रचंड खर्ज-स्पीकर चित्रपटगृहांत बसवले गेले. भूकंपाच्या दृश्यात खुर्च्या थरथरत. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये छताचे तुकडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून जाळे बांधावे लागले होते. खर्ज भिंतीलाही हलवतो, याची ती जाहीर नोंद होती.

१६/२६
मग १९८० मध्ये रोलंड या जपानी कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र आले. धंद्यात ते फसले आणि १९८३ मध्ये बंद पडले. परंतु त्याचा ढोल लांबवला की खोल गुंजन उरे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे हे यंत्र तरुण संगीतकारांनी उचलले. मायामीत त्या गुंजनावर ‘मायामी बेस’ ही संगीताची धारा उभी राहिली. ते संगीत घरातल्या लहान स्पीकरवर अर्धेच ऐकू येई. पूर्ण ऐकायचे तर सबवूफर हवा; आणि तरुणाच्या मालकीची, आईवडिलांपासून दूर अशी एकच खोली होती, ती म्हणजे गाडी.

१७/२६
अमेरिकेत पिकअप हे काम आणि हौस या दोन्हींचे वाहन. पण एका रांगेच्या पिकअपला डिकी नसते; आसनामागे उरते ती वीतभर जागा. म्हणून खोके पाचरीसारखे, आसनाच्या कलाला समांतर कापावे लागते. वर निमुळते, खाली रुंद. मजबूत फळ्या, आतून आधार आणि प्रत्येक सांधा हवाबंद. मात्र एक वरदानही मिळते. केबिन लहरीपेक्षा लहान असल्यामुळे खालच्या स्वराचा दाब आतल्या आत वाढतो आणि थोड्या शक्तीत मोठा खर्ज मिळतो.

१८/२६
दुसरी अडचण विजेची. गाडीच्या १२ व्होल्टवर साधा अॅम्प्लिफायर चार ओहमच्या स्पीकरला जेमतेम वीस-एक वॅट देऊ शकतो. म्हणून मोठ्या अॅम्प्लिफायरच्या पोटात आधी व्होल्ट वाढवणारे मंडल असते. हजार वॅट हवे असतील तर बॅटरीतून सुमारे ९० अँपिअर ओढले जातात. बोटाएवढी जाड तार, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, भक्कम अर्थिंग, गरज पडल्यास दुसरी बॅटरी आणि मोठा अल्टरनेटर. यात कसूर झाली की प्रत्येक ठोक्याला दिवे मंदावतात. फ्यूज टाळला तर गाडी पेटू शकते.

१९/२६
केबिनच्या आतला हा खर्ज उघड्या हौद्यावर आणला की हिशेब पालटतो. बंद केबिनचे वरदान संपते, खर्ज चोहोबाजूंना पसरतो आणि तोच परिणाम साधायला कितीतरी पट शक्ती लागते. म्हणून बॅटरीऐवजी जनरेटर, एका खोक्याऐवजी ‘बेस’ची रास आणि त्यावर ‘टॉप’. महाराष्ट्रातील गावोगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे काम करणारा कारागीर सुतारकाम, वेल्डिंग, वीज आणि थील-स्मॉलचे गणित एकाच वेळी हाताळतो. त्याला केवळ ‘गोंगाट करणारा’ म्हणणे हे अज्ञान आहे.

२०/२६
तरी कौशल्य मान्य केल्याने इजा नाहीशी होत नाही, आणि बंदीचा मार्ग अमेरिकेनेही चोखाळून पाहिला आहे. फ्लोरिडात गाडीतला आवाज २५ फुटांवर स्पष्ट ऐकू आला तर दंड होता. पण धंद्याच्या आणि राजकीय प्रचाराच्या गाड्यांना सूट होती. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. एकाचा आवाज चालतो आणि दुसऱ्याचा चालत नाही, असा भेद कायद्याला करता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. कोणाचा आवाज हे पाहणारा कायदा न्यायालयात टिकला नाही.

२१/२६
भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० पासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ध्वनिवर्धक वापरल्या जाणाऱ्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, ठरावीक दिवसांची सवलत वगळता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत अधिकार नाही असे स्पष्ट केले. २०२४ मध्ये, गणेशोत्सवात जे घातक ते ईदच्या मिरवणुकीतही घातकच, असे सांगितले. मापदंड सर्वांना एक, हे तत्त्व पक्के आहे.

२२/२६
पण तो मापदंडच एका बाजूने बहिरा आहे. नियमांतले सर्व आकडे ‘ए’ मोजपट्टीतले आहेत. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाला कोणता स्वर किती मोठा वाटतो याचे आलेख काढले. मंद आवाजात कान खर्जाला फारसा दाद देत नाही, म्हणून मंद आवाजासाठीच्या ‘ए’ पट्टीत खर्ज वजा धरला गेला. मोठ्या आवाजात कानाची ही उदासीनता बरीच कमी होते; त्यासाठी ‘सी’ पट्टी होती. कालांतराने सोयीसाठी सगळीकडे ‘ए’ रूढ झाली आणि मंद आवाजाची पट्टी मिरवणुकीला लावली गेली.

२३/२६
परिणाम आकड्यात पाहावा. ५० हर्ट्झच्या स्वराला ‘ए’ पट्टी सुमारे ३० डेसिबल कमी धरते. म्हणजे निवासी भागात दिवसा गाडीवरून निघालेला ५० हर्ट्झचा निव्वळ खर्ज प्रत्यक्षात ९५ डेसिबल असला तरी यंत्रावर ६५ दिसेल आणि नियम मोडला असे म्हणता येणार नाही. उलट बासरी, टाळ किंवा माणसाची हाक यांना अशी सूट जवळपास नाही. भिंतीही हाच पक्षपात करतात. वरचे स्वर अडवतात, खर्ज आत सोडतात. बंद खिडकीआडच्या तान्ह्या बाळाला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला गाणे ऐकू येत नाही, ठोका तेवढा पोहोचतो. आणि कायद्याच्या लेखी तो ठोका जवळपास नसतोच.

२४/२६
हे उत्तर नसलेले कोडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे की खर्ज ठळक असेल तेथे केवळ ‘ए’ पट्टी अपुरी ठरते. ‘सी’ आणि ‘ए’ यांत १० डेसिबलपेक्षा अधिक फरक दिसला तर वारंवारतेनुसार तपासणी करावी. फ्रान्सने २०१७ च्या आदेशात संगीताच्या जागांसाठी दोन मर्यादा एकत्र घातल्या: १५ मिनिटांच्या सरासरीत १०२ ‘ए’ डेसिबल आणि ११८ ‘सी’ डेसिबल. बालकांसाठी त्याहून कमी. बहुतेक ध्वनिमापकांवर दोन्ही पट्ट्यांची सोय असते. अडचण यंत्राची नसून नियमाची आहे.

२५/२६
आक्षेप येईल की आजची मर्यादाच सर्रास मोडली जाते, मग आणखी एक कशाला? कारण चुकीच्या पट्टीमुळेच कारवाई मोजमापावरून घसरून नावावर येते. ‘डॉल्बी’ बंद म्हटले की तेच खोके ‘साउंड’ म्हणून परत येते. एक बाजू ‘संस्कृती बुडाली’ म्हणते, दुसरी ‘आमच्याच सणाला का’ म्हणते, आणि दोघांच्याही हाती आकडा नसतो. ‘सी’ मर्यादा लावली तर ती शंभर ढोलांच्या पथकालाही लागेल, प्रचाररथालाही, लग्नालाही आणि जयंतीलाही. तशी ती लागलीच पाहिजे. कारागिरालाही मग नेमके लक्ष्य मिळेल: अॅम्प्लिफायरच्या आधी मोहोरबंद लिमिटर बसवा, सीमेवर मोजा, मग निघा.

२६/२६
खर्जाची गाडी ही परकी विकृती नाही आणि पवित्र परंपराही नाही. एके काळी ज्या घोषावर दरबाराचा हक्क होता, तो साल्वादोरच्या कारागिरांनी, किंग्स्टनच्या वस्तीने, मायामीच्या पोरांनी आणि गिरगावच्या बेंजोवाल्यांनी आपल्या चाकांवर आणला. हा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे. पण दरबारी नगाऱ्याला प्रजेच्या झोपेची तमा बाळगावी लागत नव्हती, प्रजासत्ताकातल्या पिकअपला ती बाळगावी लागते. आवाजाचा हक्क सर्वांचा झाला, तसा शांततेचा हक्कही सर्वांचाच आहे. आणि या दोन हक्कांमध्ये निवाडा करायला बसलेल्या कायद्याला आधी खर्ज ऐकू यायला हवा.